वंशावळीतील रेघ आणि ‘नवा जन्म’

इंदूरहून खंडव्याकडे जाणारा रस्ता सिमरोल ओलांडला की घाटाला लागतो आणि उतरत उतरत नर्मदेच्या खोऱ्यात पोहोचतो. आज सिमरोलचे नाव निघाले की लोकांना तेथील आय.आय.टी.चा विस्तीर्ण परिसर आठवतो. आमच्या पिढीला मात्र ओंकारेश्वराच्या वाटेवरचा हा मुक्काम आठवतो. अठराव्या शतकात नर्मदा ओलांडून माळव्यात आलेल्या आमच्या पूर्वजांनी मुलूख सोडला, तरी संस्कार सोडले नाहीत. देव्हारा, कुळाचार आणि वंशावळ एवढी शिदोरी त्यांनी जपून आणली.

अशीच एक हस्तलिखित वंशावळ मध्यंतरी सिमरोलच्या एका स्नेह्यांच्या घरी आमच्या पाहण्यात आली. नऊ पिढ्यांची नावे वळणदार अक्षरांत मांडलेली. पण पाचव्या पिढीत एका नावावर शाईची आडवी रेघ ओढलेली होती. त्याखाली शाखा नाही, टीप नाही. विचारता यजमानांनी हलक्या आवाजात एवढेच सांगितले, “ते बाटले. घरच्यांनी घटश्राद्ध घातलं.” आणि विषय बदलला.

घटश्राद्ध म्हणजे जिवंत माणसाचे श्राद्ध. जातीबाहेर गेलेल्याच्या नावाने घट फोडावा आणि तो मेला असे समजावे. या विधीचा विचार करीत आम्ही घाटातून परतत असता एक विलक्षण गोष्ट ध्यानी आली. घरच्यांनी ज्या दिवशी त्याला मृत मानले, त्याच दिवशी त्याने स्वीकारलेल्या धर्माच्या मते तो जन्मला होता. त्याहून विशेष म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्यात जुना माणूस मरतो, असे तो धर्मही मानतो. मृत्यूविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते. मतभेद होता तो पुढे काय होते याविषयी. ख्रिस्ती धर्मातील हा ‘नवा जन्म’ आणि त्याला जोडलेले ‘तारण’ मराठी माणसांच्या वाट्याला कसे आले, याचा मागोवा घेण्याचा येथे आमचा प्रयत्न आहे. त्या धर्माचा पुरस्कार वा निषेध हा आमचा हेतू नाही.

प्रथम सिद्धान्त. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा एक विद्वान रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. माणसाने नव्याने जन्मावे लागते, हे ऐकून तो गोंधळतो आणि विचारतो की म्हाताऱ्याने पुन्हा आईच्या उदरात कसे शिरावे? उत्तर मिळते की हा जन्म देहाचा नसून पाण्याचा व आत्म्याचा आहे. दुसरे अंग तारणाचे. मनुष्य पापाच्या दास्यात आहे, स्वतःच्या पुण्याईने तो सुटू शकत नाही. त्याची किंमत दुसऱ्याने, म्हणजे ख्रिस्ताने, आपल्या प्राणाने चुकविली. मराठी बायबलने या किमतीसाठी ‘खंडणी’ हा शब्द योजला. ज्यांच्या पूर्वजांनी होळकरांच्या दौलतीत खंडणी वसूल केली, त्या माळव्यातील वाचकांना हा शब्द वेगळाच वाटेल. आमच्या इतिहासात खंडणी घेतो तो बलवान आणि भरतो तो पराभूत. येथे राजाच प्रजेची खंडणी भरतो.

मराठी मनाला अडचण पडली ती याच दोन शब्दांपाशी. ‘पुनर्जन्म’ आपल्याला नवा नव्हता. किंबहुना तो नको म्हणूनच सारी साधना होती. जन्माच्या फेऱ्यातून सुटणे ही मुक्ती, तर पुन्हा जन्मणे हेच साध्य कसे? आणि कर्माचा हिशेब ज्याचा त्याने चुकवायचा असेल, तर एकाचे देणे दुसऱ्याने कसे फेडावे? हे प्रश्न अडाणीपणाचे नव्हते. शास्त्र जाणणाऱ्यांनी ते विचारले, आणि त्यांतील एक जण आमच्या शेजारचा, सिहोरचा होता.

१८३९ मध्ये जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताची श्रेष्ठता मांडली. त्याला त्याच वर्षी ‘सोमनाथ’ या नावाने उत्तर आले. हे सोमनाथ म्हणजे सिहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू, असे अभ्यासक मानतात. भोपाळ संस्थानातील इंग्रज एजंट लॅन्सेलॉट विल्किन्सन यांच्या आश्रयाने सिहोरला ज्योतिषाची पाठशाळा चालत असे. सुबाजी बापू तेथील अग्रणी. पुराणांतील सपाट पृथ्वी नाकारून सिद्धान्तग्रंथांतील गोल पृथ्वी त्यांनी मराठीतून शिकविली. असा सुधारक पंडित धर्मान्तराबाबत मात्र ठाम होता. त्यांच्या म्हणण्याचे सार असे की, ईश्वराने ज्याच्या त्याच्या अधिकाराप्रमाणे निरनिराळे मार्ग नेमले आहेत. तेव्हा एकाने आपला सोडून दुसऱ्याचा धरण्याचे कारण नाही. सुबाजी बापूंच्या उत्तरात कटुता नव्हती. पण नव्या जन्माची निकडच त्यांनी नाकारली.

दुसरे उत्तर बनारसहून आले. निळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीजवळचा. घराणे कोकणस्थ, बुंदेलखंडात व मग काशीत स्थिरावलेले, म्हणजे आपल्यासारखेच मुलूख सोडून आलेले. विशीतल्या या शास्त्र्याने म्यूरच्या खंडनार्थ ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पूर्वजन्म न मानता जन्मतःची दुःखे व विषमता यांची उपपत्ती कशी लावणार, हा त्यांचा आक्षेप आजही विचारात घ्यावा असा आहे. आणि तेच निळकंठशास्त्री १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. खंडन करण्यासाठी वाचलेल्या ग्रंथाने वाचणाऱ्यालाच गाठले.

त्या काळी या पावलाची किंमत काय होती, हे समजून घेतले पाहिजे. धर्मान्तर केलेल्याचा वारसाहक्क जाऊ नये यासाठीचा कायदा ब्रिटिश मुलखात १८५० मध्ये झाला; धर्मान्तरितांच्या विवाहासंबंधीचा १८६६ मध्ये. गोऱ्हे यांच्या वेळी यांपैकी काहीच नव्हते. परमुलखातील मराठी घराला आप्त आणि जात एवढाच आधार असे. तो तुटला की पाणी पाजायलाही कोणी उरत नसे.

परंतु बाप्तिस्म्याने गोऱ्हे यांच्या शंका मिटल्या का? नाही, आणि म्हणूनच हा माणूस आम्हांला विश्वासार्ह वाटतो. १८५४ मध्ये पंजाबच्या पदच्युत महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले. तेथे मॅक्समुल्लर यांची भेट झाली. शुभवर्तमानात वाचलेले जीवन इंग्लंडच्या रस्त्यांवर कोठेच दिसत नाही, या विचाराने हा पंडित किती व्यथित झाला होता, हे मॅक्समुल्लर यांनी आपल्या आठवणींत नोंदविले आहे. पुढे १८६० मध्ये गोऱ्हे यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहा दर्शनांची चिकित्सा केली. १८७० मध्ये ते धर्मगुरू झाले आणि १८९५ मध्ये निवर्तले. पण तर्काचा किडा अखेरपर्यंत त्यांना पोखरीत राहिला. बुद्धीने पटणे आणि नव्याने जन्मणे यांत अंतर आहे, हे त्यांच्या चरित्रातून दिसते. ते अंतर शब्दांत सांगितले ते त्यांच्याच लेखनाने प्रभावित झालेल्या एका स्त्रीने.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे चरित्र वाचकांना परिचित आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले, कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडले, आणि १८७४ च्या सुमारास आई-वडील उपासमारीने गेले. कलकत्त्यात धर्मशास्त्राचे अध्ययन करताना रमाबाईंना दिसले की परस्परांशी भांडणारी शास्त्रे एका बाबतीत एकमताने बोलतात : स्त्रीला व शूद्राला आपल्या पायांवर मोक्षाचा अधिकार नाही. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दुसरा जन्म ही कल्पना आपल्याकडेही होतीच. मुंज झालेला तो ‘द्विज’. पण तो जन्म रमाबाईंना, संस्कृत मुखोद्गत असूनही, कधीच मिळणार नव्हता.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलम भागात वाँटेजच्या भगिनी पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करीत, ते त्यांनी पाहिले. योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकली. गोऱ्हे यांच्या भारतातून आलेल्या लेखनाने बुद्धीच्या शंका फिटल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब झाला.

तथापि १९०७ च्या आत्मनिवेदनात रमाबाई स्वतःच सांगतात की तोवर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. पुढे विल्यम हॅसलम या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र त्यांच्या हाती पडले. अनेक वर्षे धर्मोपदेश केल्यावर, स्वतःच्याच प्रवचनाच्या ओघात ज्याला आपल्या रितेपणाची जाणीव झाली, असा हा पाद्री. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला तपासले आणि १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, आपण खऱ्या अर्थाने नव्याने जन्मलो असे त्यांना वाटले. या कबुलीला धैर्य लागते. ज्या पावलासाठी समाजाने त्यांना टाकले, ते पाऊल अपुरे होते असे त्यांनी जाहीरपणे लिहिले.

याचा व्यवहारात परिणाम काय झाला? १८८९ मध्ये स्थापन झालेल्या शारदासदनात मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. त्यांचीही बाजू होती. निधर्मी म्हणून ज्या संस्थेला पाठिंबा दिला, तिचे रूप पालटताना पाहून त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. पण लगोलग १८९६–९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात हिंडल्या आणि रस्त्याकडेला टाकलेल्या, मरणाच्या दारातील सुमारे ३०० मुली व विधवा घेऊन परतल्या. केडगावच्या माळावर त्यांचे घर उभे राहिले. त्याचे नाव ‘मुक्ती’. ज्या शब्दासाठी आपण जन्माच्या फेऱ्यातून सुटण्याची वाट पाहिली, त्याच शब्दाखाली त्या मुलींना दोन वेळचे अन्न, अक्षरओळख, माग आणि छापखाना मिळाला. सिद्धान्तावर वाद घालता येईल. पण तेथे ज्या मुली जगल्या, त्यांच्यापुरता नवा जन्म शब्दशः खरा ठरला, हे मान्य करावेच लागेल.

तिसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९३ मध्ये नागपूर–राजनांदगाव प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भावना प्रसिद्धच आहे. म्हणजे त्यांच्या लेखी जुना जन्म फेकून देण्याचा नव्हता. लक्ष्मीबाईंवर मात्र आकाश कोसळले. नवरा जिवंत आणि तरी त्याच्याकडे जाता येत नाही, अशी वर्षे त्यांनी काढली. त्या पुन्हा टिळकांकडे गेल्या तरी सोवळे सोडले नाही. हळूहळू, आपल्या बुद्धीने, एकेक गाठ सोडवीत १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की नवा जन्म एका क्षणात होतो, तसा वर्षानुवर्षेही होतो. तो एकाचा होतो तेव्हा कळा मात्र साऱ्या घराला येतात.

आमच्या इंदुरातही १८७७ मध्ये कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशन आले आणि १८८७ मध्ये त्यांनी ख्रिश्चन कॉलेज सुरू केले. आपल्यापैकी कित्येक घरांतील मुले तेथे शिकली, पदव्या घेऊन नोकऱ्यांना लागली. कॉलेजचा अभिमान आपण बाळगला. पण त्या वाटेने पुढे गेलेल्या एखाद्या भाऊबंदाचे नाव आपण खोडले. ही विसंगती मान्य करण्याची वेळ आता आली आहे.

सुबाजी बापूंशी आमचे मन आजही अधिक जुळते, हे कबूल करतो. ज्याचा मार्ग त्याला लाभो. पण हे तत्त्व खरे मानायचे, तर ते गेलेल्यालाही लागू पडते. त्याचा अधिकार, त्याची तहान आणि त्याचा मार्ग वेगळा होता, एवढेच. त्याला मृत ठरविण्याचा आधार सिहोरच्या त्या पंडिताच्या उत्तरातही सापडत नाही.

सिमरोलच्या त्या स्नेह्यांना आम्ही पत्र लिहून विनंती केली की वंशावळीची नवी प्रत काढाल तेव्हा त्या नावावरची रेघ उतरवून घेऊ नका. नाव तेवढे लिहा आणि शक्य झाल्यास त्याच्या शाखेचा शोध घ्या. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले. नाव लिहिले आहे. खाली शाखेसाठी जागा मोकळी ठेवली आहे.