देवाची बाग : मंदिर, झाड आणि पाणी यांची प्राचीन परंपरा

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम गाभारा, सभामंडप आणि शिखर उभे राहते. देणगीची पावती फाडताना कोणी दगडासाठी देतो, कोणी फरशीसाठी, कोणी कळसासाठी. हे सर्व योग्यच आहे. परंतु आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने देवस्थान म्हणजे केवळ चार भिंती आणि त्यांवरील शिखर एवढेच नव्हते. देवळासमोरचा पार, पारावरचा पिंपळ, बाजूची बारव, पूजेच्या फुलांची बाग आणि पाठीमागची आमराई मिळून देवस्थान पूर्ण होत असे. ही समजूत एकट्या महाराष्ट्राची नाही, एकट्या भारताचीही नाही. मानवाने जेथे जेथे पहिली नगरे वसविली, तेथे तेथे देवाशेजारी बाग आली. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्या परंपरेचा मागोवा घेणे उचित ठरेल.

नाईल नदीच्या काठी

मिसर देश, म्हणजे आजचा इजिप्त, बहुतांशी वाळवंट. नाईल नदीच्या दोन्ही काठांवरील चिंचोळ्या पट्टीतच काय ती हिरवळ. अशा देशात एक झाड जगविणे हेच मोठे पुण्यकर्म. इ. स. पूर्व २००० च्या सुमारास मेंतुहोतेप नावाच्या राजाने डोंगराच्या पायथ्याशी आपले स्मारक-मंदिर बांधले. त्याच्या प्रांगणात झाडे लावण्यासाठी ओळीने खोदलेले खड्डे विसाव्या शतकातील उत्खननात सापडले. काही खड्ड्यांत झाडांचे बुंधेही शिल्लक होते. वाळवंटात खोल खड्डे घेऊन, त्यांत नदीकाठची काळी माती आणून भरून, देवळासमोर सावली उभी करणारी ती माणसे चार हजार वर्षांपूर्वीची होती.

त्याच मंदिराला लागून सुमारे पाचशे वर्षांनी हत्शेप्सुत या राणीने आपले मंदिर उभारले. देवाच्या धुपासाठी लागणारी सुगंधी झाडे तिने दूरच्या पुंत देशाहून जहाजांतून आणविली. मुळांसकट टोपल्यांत ठेवलेली ती झाडे खांद्यावरून वाहून नेणारे लोक मंदिराच्या भिंतीवर कोरलेले आजही दिसतात. परदेशातून झाड आणून लावल्याचे याहून जुने चित्र क्वचितच सापडेल.

इ. स. पूर्व १३५० च्या सुमारास नेबामुन नावाच्या एका मंदिर-अधिकाऱ्याच्या थडग्यात बागेचे एक सुंदर चित्र काढले गेले. मध्ये चौकोनी तळे, तळ्यात मासे, बदके आणि कमळे, आणि चहूबाजूंना खजूर व उंबराच्या जातीची झाडे. चित्राच्या एका कोपऱ्यात उंबराच्या झाडातून एक देवी प्रकट झाली असून ती फळे देत आहे. सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या औदुंबर क्षेत्री किंवा नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेल्या माणसाला हे चित्र परके वाटणार नाही. उंबरात देव पाहणारी माणसे नाईलच्या काठीही होती.

दोन नद्यांचा प्रदेश आणि इराण

तैग्रिस व युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बाग करण्याची निराळी रीत रूढ झाली. वर खजुराची उंच झाडे, त्यांच्या सावलीत फळझाडे, आणि फळझाडांच्या सावलीत भाजीपाला. कोकणातील वाडीत नारळ, सुपारी, केळ आणि मिरवेल ज्याप्रमाणे एकमेकांच्या आधाराने वाढतात, तोच हा प्रकार. ऊन कडक आणि पाणी मोजके असेल तेथे शेतकऱ्याचे डोके सर्वत्र सारखेच चालते.

बाबिलोनची झुलती बाग जगातील सात आश्चर्यांपैकी एक म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु बाबिलोनच्या उत्खननात तिचा निर्विवाद पुरावा मिळालेला नाही. याउलट निनवे येथील सेनाखेरीब राजाच्या बागेची साक्ष त्याच्या स्वतःच्या शिलालेखांत आहे. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास त्याने डोंगरातून कालवे काढून पाणी नगरापर्यंत आणले. वाटेत एक ओढा आडवा आला तेव्हा त्यावर सुमारे २८० मीटर लांबीचा दगडी पूल बांधून त्यावरून कालवा नेला. जेरवान येथे त्याचे अवशेष आजही उभे आहेत. या राजाच्या बागेत 'लोकर देणारी झाडे' होती, असा उल्लेख आहे. ती कपाशीची झाडे होती आणि कपाशीचे मूळ भारताकडचे असावे, असे विद्वानांचे मत आहे.

इराणचा सम्राट कुरूश याने इ. स. पूर्व सहाव्या शतकात पासारगाद येथे बाग केली. तीत घडीव दगडांचे पाट असून ठराविक अंतरावर लहान कुंडे होती. पाटांनी भाग पाडलेल्या या बागेतूनच पुढे 'चारबाग' ही रचना आली. भिंतीने वेढलेल्या बागेला जुन्या इराणी भाषेत जो शब्द होता, त्यावरूनच इंग्रजीतील स्वर्गवाचक 'पॅराडाइज' हा शब्द तयार झाला. उन्हाने तापलेल्या माणसाने स्वर्गाची कल्पना केली ती बागेसारखी.

भारतीय विचार

आपल्याकडे बागेला आरंभापासून धर्माचे व लोकोपयोगाचे अधिष्ठान मिळाले. भगवान बुद्धांचा जन्म लुंबिनीच्या वनात झाला, आणि त्यांना मिळालेल्या पहिल्या मोठ्या दानांत वेळुवन, जेतवन अशी उपवनेच होती. सम्राट अशोकाने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात आपल्या लेखांत नमूद करून ठेवले आहे की, त्याने वाटांवर वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदविल्या आणि माणसांना व जनावरांना उपयोगी पडणाऱ्या औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणून लावल्या. राजाने आपल्या लढायांबरोबर आपल्या झाडांचीही नोंद दगडावर करावी, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इ. स. च्या सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिता' हा ग्रंथ रचला. त्यात वृक्षांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्याच्या पुढचाच अध्याय मंदिराच्या रचनेवर आहे. हा क्रम सहेतुक वाटतो, कारण जेथे पाणी आणि उपवन आहे तेथेच देवता रमतात, असे वराहमिहिर स्पष्ट सांगतो. त्याच्या सूचना अगदी शेतकऱ्याच्या बोलीतल्या वाटाव्यात अशा आहेत. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात कमीतकमी. लावलेल्या झाडाला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे, हिवाळ्यात दिवसाआड आणि पावसाळ्यात माती सुकली तरच. झाडे दाटीने लावली तर मुळे आणि फांद्या एकमेकांत गुंततात आणि फळ नीट धरत नाही, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवले. रोपवाटिकेतून आज रोपे आणणाऱ्याने हे नियम पाळले तरी पुरे.

पंचवटीची कल्पनाही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. पूर्वेला पिंपळ, उत्तरेला बेल, पश्चिमेला वड, दक्षिणेला आवळा, आग्नेयेला अशोक आणि मध्ये बसण्याची वेदी. पश्चिमेचा वड वाढला की दुपारनंतरचे ऊन अडते आणि मधली जागा थंड राहते. धर्माने सांगितलेली गोष्ट व्यवहारालाही कशी उपयोगी पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आपल्या परिसरातील ठेवा

हा इतिहास दूरदेशीचाच आहे असे कोणी समजू नये. कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर येथे जुनी मशीद व रणदुल्लाखानाची समजली जाणारी कबर आहे. तिच्याजवळ सुमारे ५० फूट उंचीचा एक मनोरा असून त्याला उतरती धाव आहे. मोठी मोट हत्तीकडून ओढवून पाणी उंच चढवावयाचे आणि ते मशिदीसमोरच्या कारंज्याला पुरवावयाचे, अशी ती योजना होती. १८८५ सालच्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तिची नोंद आहे. इराणी बागेतील खेळत्या पाण्याची कल्पना विजापूरच्या आदिलशाहीमार्गे थेट आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचली होती.

साताऱ्याजवळ लिंब-शेरगाव येथील बारा मोटांची विहीर तर सर्वांच्या परिचयाची आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४, या काळात श्रीमंत विरूबाई भोसले यांनी ती बांधविली. अष्टकोनी आकार, ११० फूट खोली, ५० फूट व्यास आणि आत चक्क एक छोटा महाल. ही सारी मेहनत कशासाठी? तर भोवतालच्या मोठ्या आमराईला पाणी देण्यासाठी. धावेवरून बैल उतरत, थारोळ्यात मोट रिकामी होई, पाट भरून वाही आणि आंब्याचे एकेक आळे भरत जाई. आमराईसाठी राजघराण्यातील स्त्रीने असे शिल्प उभारावे, याचा सातारकरांना अभिमान वाटला पाहिजे.

त्याच सुमारास, १७१५ च्या आसपास, रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिले. आरमाराला लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, अशा आशयाची आज्ञा त्यात आहे. झाडाची किंमत लाकडावरून न करता ते वाढविणाऱ्याच्या कष्टावरून करावी, हा शिवशाहीचा न्याय होता.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे करून त्यातील बेटावर बाग केली. पुढे १७८४ साली त्याच ठिकाणी गणपतीचे मंदिर झाले. आज ते तळे राहिले नाही, पण सारसबागेचा गणपती हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. तेथे आधी बाग आली आणि मग देव आला.

जीर्णोद्धार कशाचा?

कृष्णामाईचा उगम असलेल्या महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस कोरेगावाकडे यावे तसा तो झपाट्याने कमी होत जातो. म्हणूनच या भागातील जुन्या माणसांनी झाड आणि पाणी देवाच्या हवाली केले. देवाच्या नावाने सोडलेल्या झाडावर कुऱ्हाड पडत नसे आणि देवाच्या बारवेत कोणी घाण टाकीत नसे. कायदा नव्हता, पहारेकरी नव्हता, तरीही श्रद्धेने शेकडो वर्षे राखण केली. सह्याद्रीतील देवराया याच श्रद्धेने टिकल्या.

अलीकडे मात्र ठिकठिकाणी निराळेच दृश्य दिसते. मंदिर नवे होते, आवार फरशीने झाकले जाते, पार मोडतो, मंडपाच्या आड येतो म्हणून पिंपळ जातो आणि निरुपयोगी म्हणून बारव बुजते. मग चैत्रातल्या यात्रेत अनवाणी भाविकाचे पाय पोळतात आणि सावलीसाठी पत्र्याची शेड घालावी लागते. पावसाचे पाणी जमिनीत न मुरता रस्त्यावरून वाहून जाते. ज्या पिंपळाला वाढायला शंभर वर्षे लागली, तो कोणत्याही देणगीतून एका वर्षात उभा करता येत नाही.

याच तालुक्यातील वेळू गावाने २०१६ साली श्रमदानातून पाणी अडविले आणि वॉटर कप स्पर्धेत महाराष्ट्रात पहिला क्रमांक मिळविला. चर खणणाऱ्या त्या हातांनी विरूबाईंचीच परंपरा पुढे चालविली. जे एका गावाला साधले ते दुसऱ्यालाही साधेल.

मेंतुहोतेपच्या मंदिराचे खांब पडले, निनवेची बाग मातीत गेली, लिंबच्या विहिरीवरील मोटा थांबल्या. परंतु देवासमोर झाड लावावे आणि त्याला पाणी घालावे, हा विचार चार हजार वर्षे मरण पावला नाही. शिखरावर कळस चढविताना ज्या हातांनी दोरी ओढली, त्याच हातांनी आवारात एक वड, एक पिंपळ, एक बेल लावावा, जुनी बारव उपसून स्वच्छ करावी आणि पाराचे दगड पुन्हा बसवावेत. देणगीदारांची नावे शिळेवर कोरली जातात, ती वाचली जातील. पण पुढील पिढीतील वाटसरू ज्या सावलीत टेकेल, त्या सावलीला नावाची पाटी लागणार नाही. ते नाव देवाच्या दप्तरी लिहिले जाईल.