ताण मेंदूत कुठे नोंदला जातो?

‘एवढं मनाला लावून घेऊ नकोस.’ नैराश्याच्या रुग्णाने हे वाक्य अनेकदा ऐकलेले असते. कदाचित तुम्हीही. पण दीर्घकाळचा ताण मेंदूच्या पेशींपर्यंत पोहोचतो. हे कसे समजले, ते थोडक्यात पाहू.

१९३६ साली कॅनडातील माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम असे वेगवेगळे त्रास दिले. परिणाम मात्र सारखेच दिसले : मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी मोठ्या झाल्या, जठरात व्रण पडले. ताणात या ग्रंथी माणसात प्रामुख्याने कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. उंदरात त्याचेच भावंड असलेले कॉर्टिकोस्टेरॉन.

१९६८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांना आढळले, की उंदराच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग हे संप्रेरक पकडून ठेवतो. संप्रेरक ही किल्ली मानली, तर तिचे कुलूप म्हणजे रिसेप्टर. किल्ली लागली की मेंदूकडून ‘आता पुरे’ असा निरोप जातो. रिसेप्टर कमी असले, तर हा ब्रेक नीट लागत नाही.

मग रिसेप्टर कमी का होतात? २००४ साली माँट्रियलमध्येच मायकेल मीनी आणि मोशे शिफ यांच्या गटाने दाखवले, की आईने कमी चाटलेल्या, कमी जवळ घेतलेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये या रिसेप्टरच्या जनुकावर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा जास्त असतात. जनुक तेच राहते, पण त्याचे काम मंदावते. मायेने चाटणाऱ्या आईकडे दिलेल्या पिल्लांत हा फरक दिसला नाही.

२००९ साली त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर मिळालेले ३६ मानवी मेंदू तपासले. बालपणी अत्याचार सोसून पुढे आत्महत्या केलेल्यांत तशाच खुणा जास्त होत्या. अत्याचाराचा इतिहास नसलेल्या आत्महत्याग्रस्तांत नव्हत्या. म्हणजे प्रत्येकाच्या नैराश्याचे कारण हेच, असे नाही.

आणि या खुणा म्हणजे विधिलिखितही नव्हे. २००४ च्या प्रयोगात मोठ्या झालेल्या उंदरांतही त्या औषधाने बदलता आल्या. ते औषध नैराश्यावरचा उपचार नाही, पण मेंदू बदलू शकतो हे त्यातून कळते.

म्हणून नैराश्य हा मनाचा कमकुवतपणा समजू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. चालू औषधे स्वतःहून थांबवू नका. जीव नकोसा वाटला, तर वाट न पाहता १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा.