धेंपो स्पोर्ट्स क्लब

गोव्यातील फुटबॉल संघ. स्थापना १९६८. मालकी पणजीच्या धेंपो उद्योगसमूहाकडे. राष्ट्रीय साखळी स्पर्धा पाच वेळा (२००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२) जिंकणारा देशातील पहिला संघ. यांतील पहिली दोन विजेतेपदे जुन्या राष्ट्रीय फुटबॉल लीगची, उरलेली तीन २००७ पासून तिच्या जागी आलेल्या आय-लीगची. मोहन बागानने पाचांचा हा आकडा २०२० मध्ये गाठला.

पार्श्वभूमी : गोव्यात फुटबॉल पोर्तुगीज अमदानीत रुजला आणि चर्चच्या पटांगणांवर वाढला. त्याला नियमित पगाराचा आधार मात्र खाणमालकांनी दिला. साळगावकर (१९५६), सेझा आणि धेंपो हे तिन्ही संघ लोहखनिजाच्या व्यवसायातून उभे राहिले. कंपनीने खेळाडूला नोकरी द्यावी आणि त्याने कंपनीच्या नावाची जर्सी घालावी, अशी ही व्यवस्था होती. कैरोच्या अल अहलीसारखे (१९०७) क्लब सभासदांचे असतात आणि तेथे अध्यक्ष मतदानाने निवडला जातो. गोव्याचे संघ घराण्यांचे राहिले. संघ चालवायचा की थांबवायचा हे घराण्याने ठरवायचे. या संघाच्या पुढच्या इतिहासात ही गोष्ट निर्णायक ठरली.

धेंपो समूहाची सुरुवात वसंतराव व वैकुंठराव धेंपो या बंधूंनी १९४१ मध्ये केली. डिचोलीची लोहखनिजाची खाण ही समूहाची मुख्य मिळकत होती. मराठी वाचकांना हे घराणे ‘नवप्रभा’ दैनिकामुळेही परिचित आहे.

१९७०च्या दशकात संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक जिंकला. कोलकात्याच्या संघांचे वर्चस्व असलेल्या काळात गोव्याबाहेर नाव होण्यास एवढे पुरेसे होते.

कुलासो पर्व : २०००च्या सुमारास आर्मांदो कुलासो प्रशिक्षक झाले आणि २०१३ पर्यंत राहिले. भारतीय फुटबॉलमध्ये दोन पराभव झाले की प्रशिक्षक बदलतो. तेथे एकाच माणसाला एवढी वर्षे मिळणे, हेच संघाच्या यशाचे पहिले कारण मानले पाहिजे. पाचही राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या हाताखाली आली. आधीचे प्रशिक्षक बॉब हाउटन गेल्यावर २०११ मध्ये कुलासो काही काळ राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. संयुक्त अरब अमिरातीविरुद्धचे विश्वचषक पात्रता सामने भारत त्यांच्याच मार्गदर्शनाखाली खेळला. २०२४ सालच्या पुरस्कारांत त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार (जीवनगौरव) मिळाला.

त्यांची संघबांधणी सरळ होती. कणा गोमंतकीय खेळाडूंचा, गोल करण्याची मुख्य जबाबदारी परदेशी खेळाडूंवर. बचावात महेश गवळी व समीर नाईक, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, डाव्या बगलेवर क्लिफर्ड मिरांडा. हे चौघेही भारताकडून खेळले. त्यांच्या जोडीला ब्राझीलचा मध्यरक्षक बेटो आणि नायजेरियाचा आघाडीपटू रँटी मार्टिन्स. मार्टिन्सने २०११-१२ च्या आय-लीगमध्ये ३२ गोल केले. वृत्तपत्रांतील जागा गोल करणाऱ्यांनी व्यापली असली, तरी सामने पाहिलेल्यांना ठाऊक आहे की ही साखळी विजेतेपदे बचावफळीच्या शिस्तीवरच उभी होती.

२००४-०५ चे विजेतेपद अवघ्या दोन गुणांच्या फरकाने मिळाले. दुसरा आलेला स्पोर्टिंग क्लब द गोवा हाही गोव्याचाच संघ होता. २००७-०८ मध्ये धेंपो व चर्चिल ब्रदर्स यांचे गुण समान झाले आणि आय-लीगचे पहिलेच विजेतेपद धेंपोकडे गेले. मे २०११ मध्ये मुंबईच्या एअर इंडियाला संघाने १४-० असे हरवले. एवढा मोठा विजय आय-लीगने तोवर पाहिला नव्हता. त्या हंगामाचे विजेतेपद मात्र साळगावकरने नेले.

ख्रिस्तियानो ज्युनियर : ब्राझीलचा आघाडीपटू. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना मोहन बागानविरुद्ध झाला. धेंपोने तो २-० असा जिंकला. दोन्ही गोल ख्रिस्तियानोचे होते. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला व त्याचा मृत्यू झाला. टक्कर कितपत टाळता येण्याजोगी होती आणि मैदानावरील वैद्यकीय व्यवस्था पुरेशी होती का, यावर त्या वेळी बरेच उलटसुलट लिहिले गेले. भारतीय फुटबॉलमध्ये सामन्याच्या ठिकाणी रुग्णवाहिका व प्रशिक्षित डॉक्टर असण्याचा प्रश्न ऐरणीवर आला तो या घटनेनंतर. क्लबने त्याचा १० क्रमांक निवृत्त केला. त्याच हंगामात संघाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

इतर चषक : ड्युरँड चषक (२००६, अंतिम सामन्यात जेसीटीवर मात). एएफसी चषक २००८ मध्ये सिंगापूरच्या होम युनायटेडला मागे टाकून उपांत्य फेरी. तेथे लेबनॉनच्या सफा संघाकडून पराभव.

स्थानिक स्पर्धा : गोव्याच्या राज्य साखळीत अनेक विजेतेपदे.

मैदान : मडगावजवळील फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियम (१९८९).

उतरण व माघार : संघाची घसरण गोव्यातील २०१२ च्या खाणबंदीशी जोडण्याचा मोह होतो. तारखा तसे सांगत नाहीत. समूहाने आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेझा गोवा कंपनीला विकला होता आणि त्यानंतरही संघाने दोनदा आय-लीग जिंकली. खरा धक्का स्पर्धेच्या रचनेचा होता. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिच्यात प्रवेश पैसे भरून मिळत होता आणि तळाला राहिलेल्या संघाची पदावनती होत नव्हती. या स्पर्धेतील एफसी गोवा संघाच्या सुरुवातीच्या भागीदारांत श्रीनिवास धेंपो व दत्तराज साळगावकर हेही होते, म्हणजे जुन्या संघांच्या मालकांनीच नव्या संघाला भांडवल पुरवले. यावर गोव्यात दोन मते आहेत.

२०१४-१५ मध्ये धेंपो आय-लीगमधून खाली गेला. पुढच्या वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून त्याने बढती मिळवली. पण सुपर लीगला देशातील सर्वोच्च स्पर्धा ठरवण्याच्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रस्तावावर नाराज होऊन २०१६ मध्ये साळगावकर व स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले, आणि त्यांच्यामागून धेंपोही. मैदानावर मिळवलेली जागा कार्यालयात सोडली गेली. क्लब सभासदांचा असता तर हा निर्णय इतक्या सहज झाला नसता, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

यानंतर काही वर्षे संघ गोव्याच्या साखळीपुरता उरला. जुन्या खेळाडूंपैकी क्लिफर्ड मिरांडा यांनी प्रशिक्षक म्हणून २०२३ चा सुपर चषक ओडिशा एफसीला जिंकून दिला. समीर नाईक धेंपोचेच प्रशिक्षक झाले. २०२३-२४ च्या आय-लीग २ मध्ये दुसरे स्थान मिळवून संघ २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला.