गांवचें पाणी : आरंभ आणि टिकाव

लोकोपयोगी कामांच्या इतिहासांत एक मोठा दोष असा आढळतो कीं, त्यांत आरंभाची तारीख असते, पण अखेरीची नसते. टांकीवर अगर बंधाऱ्यावर बसविलेल्या शिळेवर उद्घाटन कोणाच्या हस्तें झालें व खर्च किती आला, हें सर्व कोरलेलें असतें; तें पाणी कोणत्या वर्षीं बंद पडलें आणि बायकांना पुन्हां घागर घेऊन कोसभर केव्हांपासून जावें लागलें, हें कोठेंच लिहिलेलें नसतें. योजना पुरी झाली कीं नाहीं, हें सांगणें सोपें आहे. ती दहा-वीस वर्षांनीं चालू आहे कीं नाहीं, हें सांगणें अवघड आहे. आणि गांवाच्या दृष्टीनें खरा प्रश्न तोच होय. त्याचा विचार करण्यास हातपंपाचा, म्हणजे आपल्याकडे ज्यास हापसा म्हणतात त्याचा, इतिहास फार उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

१९६६-६७ सालीं बिहारांत मोठें अवर्षण पडलें. त्या प्रसंगीं युनिसेफ या जागतिक संस्थेनें कठीण खडक भेदणारीं, हवेच्या दाबावर चालणारीं यंत्रें या देशांत आणविलीं. खडकांत सुरुंग लावून विहीर खणण्यास जेथें महिने लागत, तेथें आतां थोड्या दिवसांत विंधणविहीर तयार होऊं लागली. पुढें १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रासहि या विहिरींचा मोठा आधार झाला. परंतु अशा विहिरीचें तोंड अवघें चार-सहा इंचांचें. तींत पोहरा सोडतां येत नाहीं. म्हणून तिच्यावर पंप बसवावा लागे. आरंभीं जे पंप बसविले गेले, ते ओतीव लोखंडाचे असून युरोप-अमेरिकेंतील एकेका कुटुंबाच्या अंगणासाठीं केलेल्या नमुन्यांवरून घडविलेले होते. एका घरापुरता हालणारा दांडा येथें सबंध वस्तीसाठीं पहाटेपासून रात्रीपर्यंत हालूं लागला. त्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला : खिळी झिजल्या, दांडे मोडले, आणि विहिरींत पाणी असूनहि लोक तहानलेले राहिले.

१९७४ च्या सुमारास युनिसेफनें पाहणी केली, तेव्हां असे सुमारें तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. सरकारी दप्तरांत मात्र त्यांतील प्रत्येक काम पुरें झालेलें होतें!

या आंकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पाहणी करणारा ज्या दिवशीं गांवीं जातो, त्या एका दिवसाची स्थिति त्यास दिसते. समजा, एक हापसा वर्षांतून दोनदां बिघडतो आणि दर वेळीं आठवड्याच्या आंत दुरुस्त होतो. दुसरा वर्षांतून एकदांच बिघडतो, पण दुरुस्तीस सहा महिने लागतात. बिघाड मोजले तर दुसरा अधिक चांगला ठरेल. पण पहिला वर्षांतून फार तर चौदा दिवस बंद असतो, आणि दुसरा अर्धें वर्ष. म्हणून यंत्र किती वेळां मोडलें यापेक्षां मोडल्यावर किती दिवस तसेंच पडून राहिलें, हें विचारणें अधिक महत्त्वाचें आहे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर कारखान्यांत मिळतें. दुसऱ्याचें उत्तर गांवाच्या व तालुक्याच्या व्यवस्थेंत शोधावें लागतें.

कारखान्याकडील उत्तराचा उगम महाराष्ट्रांत आहे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. जालना येथील मिशनच्या मंडळींनीं मोडक्या ओतीव पंपांऐवजीं पोलादी दांड्याचा मजबूत पंप तयार केला, आणि सोलापुरास त्यांत आणखी सुधारणा झाली. या सोलापुरी पंपाच्या पायावरच भारत सरकार, युनिसेफ व मद्रास येथील रिचर्डसन आणि क्रूडास ही कंपनी यांनीं मिळून 'इंडिया मार्क टू' हा पंप सिद्ध केला. कोइमतूरच्या आसपास त्याची कसोटी घेण्यांत आली व १९७९ सालीं त्याचें भारतीय प्रमाण ठरविण्यांत आलें. त्याच्यावर कोणाचाहि एकाधिकार ठेवला नाहीं, त्यामुळें अनेक कारखान्यांस तो करतां आला; इतकेंच नव्हे, तर आफ्रिकेंतील खेड्यांतहि तो जाऊन पोंचला.

तरीहि दुरुस्तीचा प्रश्न उरलाच. मार्क टूच्या तळाशीं असलेलें कातडी वॉशर बदलावयाचें, तर पाण्याचे सर्व जड नळ वर ओढून काढावे लागत; त्यास तिकाटणें, अवजारें, गाडी आणि चार माणसें लागत. तामिळनाडूंत यासाठीं गांवांत एक राखणदार, त्याच्यावर एक मिस्त्री आणि जिल्ह्यास फिरतें पथक अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था बसविण्यांत आली. व्यवस्था चांगली होती. पण जिल्ह्याच्या गाडीची वाट पाहणें गांवाच्या कपाळीं राहिलेंच. म्हणून पुढें मार्क थ्री निघाला. त्याचा नळ रुंद केल्यामुळें दट्ट्या नळ न काढतां वर घेतां येतो. राजस्थानांतील तिलोनिया येथील संस्थेनें तर खेड्यांतील माणसांसच, आणि पुढें स्त्रियांसहि, हापशाचे मिस्त्री बनविलें. ज्यांस पाणी भरावें लागतें त्यांच्याच हातीं पाना आला, म्हणजे दुरुस्तीची निकड कोणी वेगळी समजावून द्यावी लागत नाहीं.

परंतु यंत्र उत्तम आणि मिस्त्री हजर असला, तरी खालचें पाणीच खोल गेलें तर काय करावें? महाराष्ट्राच्या काळ्या खडकांत पाणी भेगांतून व फुटक्या थरांतूनच सांठतें, आणि तें थोडें असतें. शेजारच्या शेतांत खोल विहीर होऊन तिच्यावर विजेचा पंप बसला, कीं गांवचा हापसा कोरडा पडतो. १९९३ सालीं महाराष्ट्रानें कायदा करून पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर घेण्यास बंदी केली. पण कायदा अंमलांत आणावयाचा, तर कोणीतरी आपल्याच भाऊबंदाविरुद्ध तक्रार केली पाहिजे. आणि खेड्यांत तेंच सर्वांत कठीण असतें.

येथें खानदेशांतील फड पद्धतीची आठवण होणें साहजिक आहे. पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवरील बंधारे व पाट यांवर ही पद्धति तीन-चारशें वर्षें चालली. जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, पाटकऱ्यानें पाणी सोडावयाचें, जागल्यानें राखण करावयाची आणि दर वर्षीं पाटांतील गाळ सर्वांनीं मिळून काढावयाचा, असा तिचा शिरस्ता होता. तिचा टिकाऊपणा दगडचुन्याइतकाच या शिरस्त्यांत होता. गाळ काढण्याचें काम हें त्या योजनेचेंच एक अंग होतें. पंपाच्या बाबतींत दुरुस्तीचा विचार मागाहून आला, हा मुख्य फरक होय.

तथापि जुन्याची स्तुति करतांना दोन गोष्टी विसरूं नयेत. एक तर, जे बंधारे टिकले तेच आज आपणांस दिसतात. जे वाहून गेले त्यांची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं. दुसरें असें कीं, टिकणें हाच एक गुण मानला, तर महाडचें चवदार तळेंहि उत्तम ठरेल. तें शतकभर टिकलें असेल, अधिकहि असेल. पण १९२७ च्या मार्चमध्यें डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों लोक तेथें गेले, तोंपर्यंत अस्पृश्यांना त्याचा एक थेंबहि मिळत नव्हता. आणि त्या हक्कावर हायकोर्टाचें शिक्कामोर्तब होण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. पाणी किती वर्षें टिकलें याबरोबर तें कोणाकोणास मिळालें, हेंहि विचारलें पाहिजे. सरकारी खर्चानें बसविलेला हापसा सर्वांचा, हें तत्त्व निदान कागदावर तरी निर्विवाद होतें, आणि तें लहान नव्हे.

१९१९-२० च्या पिढीस जें स्वप्नवत् वाटलें असतें, तें घरोघरीं नळ देण्याचें काम २०१९ सालीं जलजीवन मिशननें हातीं घेतलें. दर माणशीं दररोज ५५ लिटर पाणी हें त्याचें प्रमाण आहे. हापशाच्या इतिहासावरून त्याची परीक्षा कशी करावी हें सहज ठरवितां येईल. जोडलेल्या नळांची संख्या हें तिचें पहिलें पान झालें. त्यापुढें गेल्या वर्षांत पाणी किती दिवस आलें, बिघाड झाल्यावर किती दिवसांत दूर झाला, वीज व दुरुस्ती यांचा खर्च कोणीं दिला, उन्हाळ्यांत विहिरीची पातळी कोठें गेली, आणि गांवकुसाबाहेरच्या शेवटच्या घरीं धार पोंचली कीं नाहीं, हीं पानें भरलीं पाहिजेत. तीं दर वर्षीं भरलीं जावींत, आणि ग्रामसभेंत मोठ्यानें वाचलीं जावींत. उद्घाटनाच्या शिळेशेजारीं असा एक फलक लागला, तर पाणी केव्हां गेलें हें पुढील पिढीस कोणाला विचारावें लागणार नाहीं. आणि कदाचित् तें जाण्यापूर्वींच गांव जागें होईल.