समन्स कोणाच्या हातीं पडलें?

ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं बाजारासाठीं जमलेल्या कुणब्यांनीं सावकारांच्या घरांदुकानांवर धाड घातली. पुढें पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं हाच प्रकार झाला. जमावाला मुख्यतः हवे होते ते कागद : खतें, रोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. ते निमूटपणें हवालीं केले, तर सावकाराच्या अंगाला सहसा कोणी हात लावीत नसे.

दंग्यांची चौकशी करणाऱ्या कमिशनला एक गोष्ट ठळकपणें आढळली. कुळांवर झालेल्या हुकूमनाम्यांपैकीं पुष्कळसे एकतर्फी होते. म्हणजे प्रतिवादी कोर्टांत आलाच नव्हता. कित्येक कुळें जाणूनबुजून जात नसत. सही आपली, आंगठा आपला; मग दिवस मोडून कोर्टाची पायरी चढून मिळवायचें काय? पण कित्येकांची तक्रार निराळी होती : समन्स त्यांना पोंचलेंच नव्हतें. अशा हुकूमनाम्यांत मुद्दल व व्याज तर असेच, वर दाव्याचा खर्चही बसे. कोर्ट फी, वकिलाची फी, समन्साचा आकार. ज्या समन्साची वार्ताही कानीं आली नाहीं, त्याच्या बजावणीचे पैसेही कुळाच्याच माथीं!

कायद्यानें दार अगदींच लावून घेतलें होतें असें मात्र नाहीं. १८५९ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यानें एकतर्फी हुकूमनाम्यावर अपील ठेविलें नव्हतें. परंतु हुकूमनाम्याची अंमलबजावणी झाल्यावर फार तर तीस दिवसांत प्रतिवादीनें येऊन समन्स रीतसर बजावलें नव्हतें असें पटविलें, तर दावा पुन्हां चालविण्याची सोय होती. बैल जप्त करावयास बेलीफ दारीं आला, म्हणजे तरी घरधन्याला कळलेंच असेल, असा त्यामागील हिशेब. हिशेब वाजवी होता. पण बैल गेलेल्या माणसानें त्या तीस दिवसांत वकील कोठून आणावा, याचें उत्तर त्यांत नव्हतें. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, तेव्हां त्यानें रोगाच्या मुळाशींच हात घातला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत, अनावश्यक वाटल्यास कारण लिहून ठेवावें, एरवीं न्यायाधीशानें प्रतिवादीची साक्ष घेतलीच पाहिजे, असा नियम त्यानें घातला. कुळाचें तोंड पाहिल्यावांचून निकाल देण्याची सवय मोडावी, हा हेतु.

१९०८ च्या मुदतीच्या कायद्यानें घड्याळ निराळ्या जागीं ठेविलें. तीस दिवस तेच. पण ते हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजावयाचे, आणि समन्स रीतसर बजावलें गेलें नसेल, तर प्रतिवादीला हुकूमनामा कळला त्या दिवसापासून. म्हणजे सारा भार ‘रीतसर’ या एका शब्दावर आला. त्याच सालच्या दिवाणी संहितेप्रमाणें प्रतिवादी घरीं सांपडला नाहीं, तर समन्स घरांतील वयांत आलेल्या पुरुषाच्या हातीं देतां येई. नोकर घरचा माणूस नव्हे, असा खुलासा होताच. पण बायकोही त्या कामापुरती घरची नव्हती! कोर्टाचा कागद तिनें घेतला, तर तो कायद्याच्या दृष्टीनें कोणीच घेतला नाहीं. ही विसंगति दूर व्हावयास १९७६ साल उजाडावें लागलें.

तीस दिवस उलटले तर काय? उशिरा आलेल्या अपिलाला पुरेसें कारण दाखविल्यास मुदत वाढवून मिळे, आणि या ‘पुरेशा कारणा’चा अर्थ उदारपणें करावा, असें मद्रास हायकोर्टानें १८९० सालींच सांगितलें होतें. परंतु एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज हें अपील नव्हे. त्याला ती सवलत आपोआप लागू नव्हती. १९६३ च्या कायद्यानें ती अशा अर्जांनाही दिली, आणि आणखी एक मोलाची पुस्ती जोडली : प्रतिवादी सांपडत नाहीं म्हणून कोर्टाच्या हुकुमानें समन्स दारावर चिकटविलें किंवा वर्तमानपत्रांत छापलें, तर मुदतीच्या या कलमापुरती ती रीतसर बजावणी समजूं नये.

हुकूमनामा रद्द झाला, म्हणजे त्यांतील खर्चही त्याबरोबर जातो. मात्र तो रद्द करतांना खर्चाविषयीं योग्य वाटेल ती अट घालण्याचा अधिकार १९०८ च्या संहितेनें न्यायाधीशाकडे ठेविला आहे. खर्चाविरुद्ध आलेल्या माणसाला प्रसंगीं खर्च भरूनच आंत यावें लागतें. अजाण कुळाकडे पाहून दिलेल्या या सवलतींचा आडोसा जाणते लोकही घेऊं लागले. म्हणून १९७६ च्या दुरुस्तीनें बजावलें : सुनावणीची तारीख प्रतिवादीला ठाऊक होती आणि हजर होण्यास वेळही पुरेसा होता, असें कोर्टाला पटलें, तर बजावणींतील केवळ तांत्रिक उणिवेसाठीं हुकूमनामा रद्द करावयाचा नाहीं.