पांढरीला लाकडाचा टेकू

मी कन्नड तालुक्यातल्या सुताराचा मुलगा. नोकरी मृदसंधारणात झाली, म्हणजे आयुष्य शेतातली माती अडवण्यात गेलं. घराभोवतीची माती अडवायला सरकारी अंदाजपत्रकात रकाना नसतो. निवृत्तीनंतर शहरालगत देवळाईच्या उतारावर घर बांधलं, तेव्हापासून शेजारपाजारचे विचारतात, "काका, कंपाउंडच्या कडेला लाकडाची भिंत घातली तर चालेल का? मोबाइलवर फार छान दिसते." याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. लाकडाने माती धरायची रीत आपल्या जिल्ह्यात जुनीच आहे, पण तिच्यात भिंतीपेक्षा दुरुस्ती जास्त आहे.

मराठवाड्यातलं जुनं गाव बहुधा उंचवट्यावर असतं आणि तो उंचवटा पुष्कळदा गावानेच घडवलेला असतो. घर पडलं की त्याच्याच मातीवर नवं उठायचं. चुलीची राख, शेण, खापरं त्यात मिसळायची. अशा किती पिढ्या गेल्यावर ती पांढुरकी माती साचते, जिला आपण पांढरी म्हणतो. पैठणला गोदाकाठी अशी टेकाडं आहेत. भोकरदनला नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये मिळून खोदकाम केलं, तेव्हा सातवाहनकाळची वस्ती अशाच टेकाडाच्या पोटातून निघाली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा देते. पांढरी तसं करत नाही, म्हणून तिच्यावर घरं टिकली. तिचा दोष एकच, वाहत्या पाण्यापुढे ती उभी राहत नाही. एका पावसाळ्यात घळ पडते, दुसऱ्यात ती गुडघाभर होते.

यात भर घालायचं ते धाब्याचं छप्पर. सागाचे खांब, त्यांवर तुळया, वर कड्या, मग फळ्या किंवा काटक्या, लिंबाचा पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. सपाट छपराचं सगळं पाणी एका-दोन पन्हळींतून खाली यायचं, तेही थेट जोत्याच्या शेजारी. शहाणा माणूस पन्हळीखाली मोठा दगड ठेवायचा; बाकीच्यांच्या अंगणात खड्डा. शिवाय दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती टाकावी लागे. ती आणायची कुठून? गावठाणाच्या कडेवरून किंवा पडक्या गढीच्या भिंतीतून. शेतकरी तीच माती खत म्हणून गाड्या भरून शेतात नेत. म्हणजे वरचं छप्पर वाचवायला गाव स्वतःच्या पायाखालची पांढरी कोरत होतं. कडेच्या घरांना हादरा बसायचा तो यामुळे, पाऊस फक्त निमित्त. शहराच्या इतिहासाच्या पुस्तकांत मलिक अंबरची खडकी, १६८२ चा औरंगजेबाचा परकोट, दरवाजे, पाणचक्की हे सगळं येतं. कडेचं घर कसं खचलं ते कुणी लिहीत नाही.

अशा कडेच्या घरवाल्याचं बोलावणं आमच्या घरी यायचं. वडील आधी खाली उतरून पाणी कुठून येतं ते बघत, लाकडाचा विषय नंतर. मग बाभळीच्या मेढी निघत, मनगटापेक्षा जाड. प्रत्येक मेढीचं बूड आगटीवर फिरवत फिरवत काळं होईस्तोवर भाजायचं. सालीखालचा ओलावा चर्र करत बाहेर यायचा. गार झाल्यावर भाजलेल्या भागाला बिब्ब्याचं तेल चोळायचं, तेही काठीला चिंधी बांधून, कारण बिब्बा अंगावर उतला तर आठवडाभर सोसावं लागतं. वाळवी अशा लाकडाला लवकर लागत नाही. जेवढी मेढ वर, तेवढी खाली गाडायची, आणि ती सरळ उभी न करता घराच्या बाजूला किंचित कललेली ठेवायची. दोन मेढींमध्ये निर्गुडीच्या आणि तुरीच्या काड्या आत-बाहेर विणायच्या. मागे आधी दगडगोटे, मग मुरूम, सगळ्यात वर माती. काळी माती भरायला वडिलांची सक्त मनाई होती. ती फुगली की मेढी बाहेर ढकलते.

यातली युक्ती मला नोकरीत लागल्यावर नीट कळली. मेढींच्या मधेमधे वडील पांगाऱ्याची आणि मोगली एरंडाची ओली फाटी ठोकत. दोन्ही फाट्यावरून फुटतात. बाभूळ कुजेपर्यंत चार-पाच पावसाळे निघायचे आणि तोवर जिवंत मुळ्यांनी कड धरलेली असायची. आमच्या खात्यात यालाच ब्रशवुड बांध म्हणत: नाल्यात खुंट्यांच्या दोन रांगा, मध्ये दाबून भरलेला काटक्या-पाला, वरून तार. १९७२ च्या दुष्काळानंतर आणि पुढे रोजगार हमीत असे किती ओघळ अडवले. जिथे मागून गवत किंवा निर्गुडी लावली, ते टिकले. जिथे नुसतं लाकूड ठोकून बिलं काढली, तिथे दोन वर्षांत तार तेवढी सापडली.

गढीवाल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे खाली घडीव दगड, वर हातभर नव्हे तर माणूस आडवा झोपेल एवढी रुंद पांढऱ्या मातीची भिंत. लाकूड असायचं ते दरवाजाला, आडण्याला आणि आतल्या माडीला. पण तीही भिंत दरवर्षी लिंपावी लागे आणि लिंपायला हुकमाची माणसं लागत. निजामाचा दिवाण सालारजंग याने १८६५ मध्ये जिल्हाबंदी आणली, महसूलवसुली पगारी नोकरांकडे गेली आणि देशमुखांचा हात आखडला. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९६३ च्या सुरुवातीला पाटीलकीही संपली. गढ्या पडल्या त्या तोफांनी नाहीत, लिंपण थांबल्यामुळे.

आमचंही तेच झालं. सुताराला बलुतं मिळायचं खळ्यावर, धान्यात. त्यात औताची कामं आलीच, पण पावसाआधी कुणाची कड बघून येणं, कुजलेली मेढ बदलणं हेही आपोआप यायचं. त्याचे वेगळे पैसे नव्हते. नगदीचा व्यवहार आला, लोखंडी अवजारं आली आणि ते फुकटचं बघून येणं पहिल्यांदा बंद पडलं. लाकूडही हातचं राहिलं नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, अंजन ही झाडं परवानगीच्या यादीत गेली. १९८६ मध्ये गौताळा औट्रम घाट अभयारण्य झालं. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या, फक्त सुताराची पंचाईत झाली. त्यात १९९३ ला किल्लारीचा भूकंप. दगड-मातीच्या भिंती कोसळल्या, पण जिथे धाब्याचा भार स्वतंत्र लाकडी खांबांवर होता, तिथे तो सांगाडा पुष्कळदा उभा राहिला. लोकांनी त्यातून घेतलं ते एवढंच, की धाबं वाईट. माती उतरवली, पत्रे टाकले, साग व्यापाऱ्याला विकला.

नेमक्या त्याच सुमारास शहरात दुसरं लाकूड आलं. निजामाच्या काळात, १९०० च्या आसपास सुरू झालेली मनमाडची मीटरगेज लाइन १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ब्रॉडगेज झाली आणि जुने स्लीपर लिलावात निघाले. १८० सेंटिमीटर लांब, २० रुंद, साडेअकरा जाड. क्रिओसोटचं डांबरी तेल मुरवलेले, ही रीत इंग्लंडमध्ये जॉन बेथेलने १८३८ मध्ये पेटंट केलेली. भंगारवाल्याकडून लोकांनी ते उचलले आणि शेतघराच्या पायऱ्यांना, गोठ्याच्या कडेला, बागेच्या टप्प्याला लावले. आपल्याकडची खऱ्या अर्थाने लाकडी भिंत म्हणायची तर हीच. त्यातल्या काही मी अजून उभ्या पाहतो. उन्हाळ्यात दुपारी त्यांना डांबराचा वास येतो. ज्या पडल्या, त्या कुजून नाही, मागे पाणी कोंडून पडल्या.

त्या बाबतीत सिमेंटही वेगळं नाही. आमच्या गल्लीत एका ठेकेदाराने आरसीसीची भिंत बांधली, आत सळया भरपूर, पण पाणी निघायला एकही नळी नाही, आणि मागे भराव खोदकामातल्या काळ्या मातीचा, कारण तो फुकट होता. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीने रस्त्याकडे पोट काढलं. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसात कन्नडचा घाट कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा सगळ्यांनी डोंगराला दोष दिला. भिजलेली माती किती जड होते, हे लक्षात ठेवलं तर अशा पडझडीचं आश्चर्य वाटत नाही.

तेव्हा शेजाऱ्यांना माझं सांगणं असं. कड गुडघ्याएवढी असेल आणि दहा वर्षांनी लाकूड बदलायची तयारी असेल, तर खुशाल लाकडाची भिंत घाला. वाळूजच्या कंपन्यांतून येणारं पॅकिंगचं पाइन मात्र नको, ते वाळवीचं जेवण आहे. जुने स्लीपर मिळाले तर भाजीच्या वाफ्यापासून आणि विहिरीपासून लांब ठेवा, आणि त्यांचे तुकडे चुलीत घालू नका. मागे वीतभर खडी भरा, तळाशी उताराची नळी ठेवा, आणि कडेला निर्गुडी लावा. कड कमरेच्या वर असेल तर लाकडाचा नाद सोडा, दगडाची भिंत मागे ढाळ देऊन रचा आणि त्या आधी चांगल्या इंजिनिअरला जागेवर आणून दाखवा. भिंत कसलीही असो, रोहिणी लागली की नळ्यांत काठी घालून बघा. एखादी तुंबलेली निघाली तर ती त्याच दिवशी मोकळी करा.