कुरणातली कोंबडी पिंजऱ्यात कशी गेली?

खेड्यात कोंबड्या पाळायच्या म्हणजे सकाळी डालगे उचलायचे आणि तिन्हीसांजेला पुन्हा झाकायचे. मधल्या दहा-बारा तासांत कोंबडी काय करते याची चौकशी कोणी करीत नाही. ती उकिरडा उकरते, गोठ्यामागे शेण विसकटते, कुंपणालगतचे कोवळे गवत तोडते, वाळवी दिसली की तिच्यावर तुटून पडते आणि दुपारी धुळीत अंग घुसळून उन्हात पंख पसरून पडून राहते. मूठभर कण्या टाकल्या की मालकाचे कर्तव्य संपले.

आज बाजारात येणारी बहुतेक अंडी आणि मांस ज्या पक्ष्यांपासून मिळते, त्यांना यातले काहीच भेटत नाही. म्हणूनच ‘सेंद्रिय’ किंवा ‘कुरणावर वाढवलेली’ अशी चिठ्ठी लावलेली कोंबडी अमेरिकेत आणि युरोपात जास्त दामाने विकली जाते. या बदलाची गोष्ट एरवी माणसाच्या लोभाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. लोभ शंभर वर्षांपूर्वीही होता. तार, लाकूड आणि काच हेही होते. तरीही त्या काळी कोंबडी बाहेरच चरत असे, कारण बंद खोलीत तिची पिल्ले जगत नसत. कुरण तिला नेमके काय देते, हे कोणाला ठाऊक नव्हते. ते एकेक करून शोधून काढले आमच्यासारख्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी. पिंजऱ्याच्या तारा लोहाराने केल्या असतील. पण त्याचे दार रसायनशास्त्राने उघडले.

पहिली अडचण पायांची होती. उत्तर अमेरिकेत हिवाळ्याच्या शेवटी उबवलेली पिल्ले थंडीमुळे शेगडीच्या उबेला, बंद घरात ठेवावी लागत. काही आठवड्यांत त्यांचे पाय वाकत, ती लंगडत आणि शेवटी बसून राहत. शेतकरी याला ‘पायांचा अशक्तपणा’ म्हणत. १९२० च्या दशकाच्या आरंभी विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक यांनी दाखवून दिले, की हा मुडदुसाचाच प्रकार आहे. खाद्यात कॉड माशाच्या यकृताचे तेल घातले तर तो होत नाही. नुसते ऊन मिळाले तरी होत नाही. मात्र ते ऊन काचेतून आलेले चालत नाही. खिडकीची साधी काच प्रकाश आत सोडते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण अडवते. खिडकीपाशी बसून घेतलेल्या कोवळ्या उन्हाने मुलांना ड जीवनसत्त्व का मिळत नाही, हे वर्गात सांगताना हे उदाहरण फार उपयोगी पडेल. १९२४ साली स्टीनबॉक यांनी पुढची पायरी गाठली: अतिनील किरण थेट खाद्यावर सोडले, तर पक्ष्याला बाहेर नेण्याची गरजच उरत नाही.

योगायोग असा, की याच सुमारास, १९२३ साली, डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू गावी सेसिल स्टील नावाच्या गृहिणीने अंड्यांसाठी ५० पिल्ले मागवली आणि चुकून तिच्याकडे ५०० आली. तिने ती परत केली नाहीत. अठरा आठवड्यांनी त्यांतली ३८७ जगली होती, प्रत्येकी सुमारे दोन पौंडांची. ६२ सेंट पौंड हा भाव त्या काळी भरघोस होता. १९२६ पर्यंत तिने दहा हजार पिल्ले मावतील एवढे घर बांधले. तोवर कोंबडीचे मांस हे अंड्यांच्या धंद्याचे उपउत्पादन होते, नको असलेले नर आणि म्हाताऱ्या माद्या. केवळ मांसासाठी वर्षभर पिल्ले वाढवण्याचा धंदा इथून फोफावला. त्याच्या वाढीला आता ड जीवनसत्त्वाची जोड मिळाली.

पिल्लांनी मात्र शास्त्रज्ञांना सहज सोडले नाही. बुरशीजन्य अर्गोस्टेरॉलवर किरण सोडून केलेले ड जीवनसत्त्व उंदरांना पुरेसे पडे. पिल्लांना ते जवळजवळ लागूच पडेना, माशाचे तेल मात्र लागू पडे. १९३४ साली वॅडेल यांनी प्राणिजन्य कोलेस्टेरॉलच्या नमुन्यावर किरण सोडून पाहिले, आणि त्याने पिल्ले बरी झाली. ड जीवनसत्त्व एक नसून निदान दोन आहेत, ड-२ आणि ड-३, हे अशा रीतीने कोंबडीच्या पिल्लाने रसायनशास्त्रज्ञांना शिकवले.

तसे पाहिले तर जीवनसत्त्वांच्या इतिहासात कोंबडी प्रथमपासूनच आहे. १८९० च्या सुमारास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा लुळेपणा आला आणि काही महिन्यांनी आपोआप गेला. शोध घेता कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देणार नाही म्हणून हटून बसला. कोंबड्या बऱ्या झाल्या. कोंड्यात काही तरी होते, ते पुढे ब-१ ठरले. १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम स्निग्धांश काढून टाकलेल्या खाद्यावर पिल्ले वाढवत होते. पिल्लांच्या कातडीखाली रक्तस्राव होई आणि ते रक्त गोठत नसे. त्यातून के जीवनसत्त्व सापडले. ते हिरव्या पानांत भरपूर असते. अंगणात गवत तोडणाऱ्या कोंबडीला त्याची उणीव कधी भासलीच नसती, आणि डाम यांना शोधही लागला नसता.

आम्हांला सर्वांत आवडते ती शेणाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मासळीचा भुगा आणि दुधाची भुकटी दुर्मीळ झाली, आणि कोंबड्यांना मका-सोयाबीनवर ठेवावे लागले. ज्ञात असलेली सगळी जीवनसत्त्वे घालूनही अंडी नीट उबेनात, पिल्ले खुरटी राहिली. प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात आणखी काही तरी होते. १९४६ साली बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रातल्या रुबिन आणि बर्ड यांनी जाहीर केले, की पिल्लांची वाढ करणारा हा घटक गाईच्या शेणातही आहे! त्याच काळात मेरी शॉर्ब मेरीलँड विद्यापीठाच्या कुक्कुटपालन विभागात एका जिवाणूच्या वाढीवरून यकृतातला एक घटक मोजण्याची पद्धत बसवत होत्या. त्या पद्धतीच्या साहाय्याने १९४८ साली ब-१२ शुद्ध रूपात मिळाले. ते वनस्पती बनवत नाहीत, जिवाणू बनवतात. गाईच्या पोटातले जिवाणूही. गोठ्यामागे शेण विसकटण्याची कोंबडीची सवय ही निव्वळ घाणेरडी खोड नव्हती.

इथवर जे जे कुरणात होते ते शोधून पोत्यात भरले गेले. पुढचे पाऊल वेगळे पडले. ब-१२ स्वस्तात कसे मिळेल हे पाहताना लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड यांनी ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या उत्पादनातला उरलेला चोथा पिल्लांना घातला. पिल्ले वाढली, पण ब-१२ ने वाढावीत त्याहून जास्त. ती करामत चोथ्यातल्या प्रतिजैविकाच्या अंशाची होती. १९५१ साली खाद्यात प्रतिजैविके घालण्यास अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्यातून प्रतिकारक जिवाणू निपजतील, हा इशारा १९६९ साली ब्रिटनच्या स्वॉन समितीने स्पष्ट दिला. वाढीसाठी प्रतिजैविके देणे युरोपीय संघात मात्र २००६ साली संपूर्ण थांबले. माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके अशी वापरणे अमेरिकेने २०१७ साली थांबवले. आपल्याकडे कोलिस्टिन या शेवटच्या आधाराच्या औषधावर अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांपुरती बंदी आली ती २०१९ साली. आम्ही या विषयावर बोलू लागलो, की दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दिला जातो. मुळातली शिफारस प्रयोगशाळेची होती, एवढे नोंदवून ठेवतो.

मग कुरण हा स्वर्ग होता काय? मुळीच नाही. त्याच जमिनीवर वर्षानुवर्षे कोंबड्या राहिल्या, की विष्ठेतून जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया नावाचे आतड्यातले परजीवी मातीत साठतात व पिल्ले रक्ती हगवणीने मरतात. घार, मुंगूस, कोल्हा टपलेले असतातच. तारेच्या जाळीवर उभ्या असलेल्या कोंबडीची विष्ठा खाली पडते, चोचीशी येत नाही. पिंजऱ्याचा हा खराखुरा लाभ होता. रानपक्ष्यांकडून येणारा बर्ड फ्लू हे तर नवे संकट. २०२२ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत इंग्लंडमधल्या मोकळ्या कोंबड्याही सरकारी हुकमाने आत कोंडाव्या लागल्या. अर्थात बंद भिंतींनी हा रोग टळतो असे नाही. २००६ साली भारतातला पहिला प्रादुर्भाव नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाला, तो मोठ्या कुक्कुटशाळांतच.

परजीवींवरचा उपाय म्हणजे जागा बदलणे. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात बिनतळाची खोपटी गवतावरून रोज पुढे सरकवीत. व्हर्जिनियातल्या जोएल सॅलॅटिन यांनी हीच रीत पुन्हा लोकप्रिय केली; त्यांचे पुस्तक १९९३ चे. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दोनच फूट उंच पिंजरा, त्यात सुमारे ७५ पक्षी, आणि रोज सकाळी एक ढकल. गवत ताजे मिळते, परजीवी मागे राहतात, जमिनीला खत मिळते. पण एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. कोंबडीला गाईसारखे रवंथाचे पोट नसते. गवतावर ती जगू शकत नाही; कुरणावरही बहुतेक दाणा विकतच आणून घालावा लागतो. गवत आणि किडे हे तिचे तोंडीलावणे आहे.

शिवाय बाहेर सोडायची ती कोंबडी तरी पूर्वीची कुठे राहिली? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने जुने वाण जपून ठेवले आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत १९५७, १९७८ आणि २००५ सालचे वाण एकाच खाद्यावर वाढवले. ५६ दिवसांची वजने भरली अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम. एवढी छाती घेऊन टोळामागे कोण धावणार? ती दाण्याच्या भांड्यापाशी बसून राहते. फ्रान्समध्ये १९६५ पासून ‘लाल चिठ्ठी’च्या कोंबडीसाठी सावकाश वाढणारे वाण आणि किमान ८१ दिवसांचे आयुष्य ही अट आहे. युरोपच्या सेंद्रिय नियमांतही १९९९ साली, वाण सावकाश वाढणारा नसेल तर, ८१ दिवसच आले. कुरण परत द्यायचे तर आधी कुरणात चालणारी कोंबडी परत द्यावी लागते.

अंड्यात फरक पडतो का, हा नेहमीचा प्रश्न. पडतो. १९८९ साली सिमोपुलस आणि सेलम यांनी ग्रीसमधल्या मोकळ्या कोंबड्यांची अंडी तपासली. या कोंबड्या गवत, किडे, अंजिरे आणि आपल्याकडेही भाजीला वापरतात ती घोळ खात होत्या. अंड्यात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ मेदाम्लांचे प्रमाण १.३ होते, अमेरिकी दुकानातल्या अंड्यात १९.४. जर्मनीत हाले विद्यापीठात २०१४ साली आढळले, की उन्हात हिंडणाऱ्या कोंबडीच्या बलकात ड-३ तीन ते चार पट असते. रंगावर मात्र जाऊ नये. गवताच्या रंगद्रव्याने बलक गडद होतो हे खरे, पण झेंडूच्या पाकळ्यांची पूड खाद्यात घालूनही तो तसाच होतो, आणि कारखानदार ती घालतात.

सेंद्रिय नियमांना खरी अडचण येते ती मेथिओनिन या अमिनो आम्लाची. मका-सोयाबीनच्या खाद्यात सर्वांत आधी कमी पडते ते हेच, आणि पिसांच्या वाढीला ते लागते. रानकोंबडी ते किड्यांतून मिळवते. सेंद्रिय खाद्यात कृत्रिम रसायन नको, हे तत्त्व. पण अमेरिकेने कृत्रिम मेथिओनिनला सवलत दिली आहे, अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्यांसाठी दर हजार किलो खाद्यात सरासरी एक किलोपर्यंत. युरोपने दिलेली नाही. ‘बाहेर’ म्हणजे काय यावरही अमेरिकेत वर्षानुवर्षे वाद चालला. मोठ्या शाळांना जाळी लावलेला सिमेंटचा व्हरांडा ‘बाहेर’ म्हणून चालत असे. २०२४ च्या जानेवारीत लागू झालेल्या नियमाने तो नाकारला, पण जुन्या शाळांना बाहेर पुरेशी जागा देण्यासाठी २०२९ पर्यंत मुदत आहे.

२०२१ साली युरोपीय संघाने कोंबड्यांच्या खाद्यात किड्यांपासून केलेले पीठ घालायला परवानगी दिली. आता कारखान्यांत माशीच्या अळ्या टाकाऊ धान्यावर वाढवतात, वाळवतात, दळतात आणि पोत्यात भरून कुक्कुटशाळेत पाठवतात. काही प्रयोगांत त्या जिवंतच जमिनीवर फेकतात, कारण टिपताना कोंबड्या जास्त हिंडतात, असे दिसून आले आहे.